नेट कॅफेतली बाई

कळमनुरीत आमच्या गल्लीत येऊन माझं नाव विचारलंत तर लोक घर दाखवतील आणि सोबत एक माहितीही देतील. या माणसाचं मागे नेटवर पुण्याच्या एका बाईशी जुळलं होतं, बायकोनं वेळेवर पकडलं म्हणून संसार वाचला. ही माहिती चुकीची आहे. मला ते पहिल्यापासून माहीत होतं आणि माझ्या बायकोला थोड्याच दिवसांत कळलं, तरी आम्ही ती तीन वर्षं चालू दिली.

खरी गोष्ट अशी की मला नैराश्याचा आजार झाला होता आणि मी जीव द्यायला निघालो होतो. मी डॉक्टर नाही, पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक आहे. त्यामुळे औषधांची नावं, मेंदूतली रसायनं वगैरे यात सापडणार नाही. ज्यांच्या अंगावर किंवा घरात हे दुखणं आलं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून, जसं घडलं तसं लिहितो आहे. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, हे वाचलं आहे. दोन ठिकाणी तिने दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

आजार कसा आला

माझं काम सोपं आहे. कालव्यात पाणी सुटलं की ठरलेल्या ठिकाणी उभं राहून पाण्याची पातळी वाचायची आणि लिहायची. पट्टीवर जे दिसतं तेच लिहायचं, साहेबाला काय आवडेल ते नाही. नोकरीला लागलो तेव्हा एका जुन्या निरीक्षकाने हे मला इतकं बजावून शिकवलं की तो माझा स्वभावच झाला.

दोन हजार सहाच्या उन्हाळ्यात पाण्याची पाळी सुरू असताना कालव्याच्या टोकाच्या गावाला पाणी पोचलं नाही. आम्ही त्याला टेल म्हणतो. टेलला पाणी न पोचणं ही आमच्याकडे नवी गोष्ट नाही. वर कुणी कालवा फोडतं, कुणी रात्रीतून मोटर टाकतं, कुठे झिरपतं. त्या गावचे लोक ऑफिसात आले, ओरडले, गेले. त्यातली एक म्हातारी जाताना मला म्हणाली, "साहेब, तुमी आकडा लिवता तवा तुमाला आमी दिसतो का?"

दुसऱ्या एखाद्या वर्षी मी ते विसरून गेलो असतो. त्या वर्षी ते डोक्यातून गेलंच नाही. जेवताना, अंघोळ करताना तेच. आधी झोप उडाली, मग जेवण बेचव झालं. मुलगी प्रज्ञा तेव्हा डीएड करत होती. ती घरात हसली तरी मला वाटायचं, हिला ठाऊक नाही तिचा बाप कसला माणूस आहे. कुणाचं शेत वाळलं, कुणाचा पाय मोडला, शेजारच्यांची म्हैस आटली, सगळ्याचा दोष फिरून फिरून माझ्याकडे यायचा. मी जन्मभर हिशेबाने चाललेला माणूस. त्यामुळे शेवटी जो हिशेब समोर आला तोही मला बरोबरच वाटला. मी नसलो तर घराचं बरं होईल. तो हिशेब साफ चूक होता. पण आजार बोलतो तो आपल्याच आवाजात, म्हणून ओळखू येत नाही.

सुमन विचारायची, "काय व्हतंय तुमाला? अंगावर काहून काढून राहिले?"

मी म्हणायचो, "पित्त हाय."

रफिकभाईचं दुकान

त्या वर्षी वरच्या ऑफिसने नवीन फर्मान काढलं होतं. पाण्याचे आकडे दर आठवड्याला ई-मेलने पाठवायचे. आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर प्लॅस्टिकच्या कव्हरात झाकून ठेवलेला असायचा, म्हणून मी बस स्टँडजवळच्या रफिकभाईच्या दुकानात जायचो. आधी ते नुसतं एसटीडी बूथ होतं. पुढे त्यांनी प्लायवूडचे आडोसे करून चार कॉम्प्युटर मांडले आणि वर नेट कॅफेचा बोर्ड लावला.

एकदा आकडे पाठवून झाल्यावर मी इंग्रजीत टाइप केलं, झोप येत नाही. शोधता शोधता एक मराठी पान उघडलं. पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेचं होतं. "बोलावंसं वाटतंय का?" एवढंच वर लिहिलेलं. खाली एक चौकट. त्यात आपण लिहायचं, पलीकडे बसलेला माणूस उत्तर देणार. नाव सांगायची सक्ती नाही. मराठी अक्षरं टाइप होत नसत, म्हणून सगळे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत.

सुरुवातीला ते पान दोन गोष्टी विचारायचं. जिवाला धोका वाटला तर कुठे फोन करावा, असा एक रकाना होता. तो रिकामा ठेवला तरी चालत होतं. पण रिकामा रकाना माझ्याच्याने पुढे ढकलवत नाही. घरचा नंबर द्यायचा नव्हता, मोबाइल माझ्याकडे नव्हता, म्हणून समोर भिंतीवर रंगवलेला रफिकभाईचा बूथचा नंबर टाकला आणि खाली गावाचं नाव. दुसरा प्रश्न रोजचा होता. आज मन कितीवर आहे? शून्य ते दहा.

मी रोज दुपारी जाऊ लागलो. पलीकडे त्या वेळी बहुतेक एकच बाई असायची. तिने नाव कधी सांगितलं नाही, मी तिला ताई म्हणायचो. मी माझ्या घरात ज्या गोष्टी बोललो नाही त्या त्या चौकटीत लिहिल्या. ती उपदेश करत नसे. मध्येच सरळ विचारायची, "आज जीव द्यावासा वाटतोय का?" पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी घाबरून आडोशाबाहेर बघितलं, कुणी वाचलं तर नाही ना. मग लिहिलं, "हो." लिहिल्यावर छातीवरचं काहीतरी थोडं सरकलं. ती दवाखान्यात जायला सांगायची, घरी सांगायला सांगायची. मी "बघतो" म्हणायचो.

शब्दांत मी तिच्याशीही खोटं बोलायचो. "आज ठीक आहे, पाहुणे आले होते, जेवलो." पण आकडा विचारला की खोटा टाकता यायचा नाही. वर दोन लिहायचो आणि खाली तब्येत छान आहे म्हणून लिहायचो. ती एकदा म्हणाली, "दादा, मी तुमचे शब्द वाचत नाही, वरचा आकडा वाचते."

सुमनला पित्त सांगितलं आणि एका परक्या बाईला खरा आकडा दिला. ही टोचणी आजारातली नव्हती. ती आजही आहे.

शून्य

एका दुपारी मी शून्य लिहिलं, खाली "सर्वांचे आभार" लिहिलं, रफिकभाईचे पैसे चुकते केले आणि मोटारसायकल घेऊन ड्यूटीच्या रस्त्याने बाहेर पडलो. परत यायचा विचार नव्हता. याहून जास्त त्याबद्दल लिहिणार नाही, कारण त्याचा कुणाला उपयोग नाही.

पुण्याहून बूथवर फोन आला. रफिकभाईने पुढे मला सांगितलं, "साब, वो औरत ऐसा घबराके बोल रही थी की मैं भी घबरा गया. बोली, आपके यहाँ से अभी जो दादा उठके गये, अभी के अभी उनके घर जाओ, उनको अकेला मत छोडो. मैंने पूछा आप कौन? बोली, वो मैं नहीं बता सकती."

रफिकभाई दुकान उघडं टाकून लुनावर माझ्या घरी गेले. ओट्यावर सुमन शेवया वाळत घालत होती आणि तिचा भाऊ भास्कर चहा पीत बसला होता. शेजारच्या छबूबाई मदतीला आल्या होत्या. रफिकभाईने त्या तिघांपुढे एका दमात सांगितलं, "भाभी, साब किधर है? पुने से एक औरत का फोन आया, रोनेको आयी थी बेचारी, बोली उनको ढूंढो."

भास्करने कप खाली ठेवला. "कोण बाई?"

"नाम नहीं बोली. साब रोज उसीसे बात करते ना कम्पूटर पे."

आमच्या गावात पुण्याची बाई, रोज, कॉम्प्युटरवर आणि रडायला आलेली, एवढं ऐकल्यावर कुणीही जो अर्थ लावेल तोच भास्करने लावला. तो मोटारसायकलवर मला शोधायला निघाला तो मला वाचवायला नव्हे, मारायला. आखाडा बाळापूरच्या रस्त्याला बाभळीखाली माझी गाडी उभी दिसली. मी तिथेच बसलो होतो. त्याने येऊन कॉलर धरली.

"दाजी, कोण हाय ती?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"मुकाट्यानं सांगा, न्हाईतर हितंच हाडं मोडीन. मह्या बहिणीनं काय कमी केलं व्हतं तुमाला?"

कुणीतरी माझ्यावर एवढ्या जोराने ओरडत होतं, आणि मला विचित्र हायसं वाटलं. बाईच्या भानगडीत सापडलेल्या माणसाला शिव्या देता येतात, मारता येतं, पुढे माफही करता येतं. ज्याला मरावंसं वाटतं त्याचं काय करायचं हे आमच्याकडे कुणाला ठाऊक नाही. त्याला वेडा म्हणतात, आणि वेड्याच्या पोरीला स्थळ येत नाही. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं आणि मी म्हणालो, "हाय एक."

त्याने मला थोबाडीत दिली, गाडीवर मागे बसवलं आणि घरी आणलं. त्या दिवशी मी जिवंत राहिलो तो ताईच्या फोनमुळे आणि भास्करच्या गैरसमजामुळे.

न केलेली भानगड

पुढचे दिवस लिहायला जड आहेत. सुमन माझ्याशी बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि पाठ करून चुलीकडे बसायची. प्रज्ञा कॉलेजातून आली की माझ्या खोलीवरून मान वळवून जायची. भास्करने रफिकभाईच्या दुकानात जाऊन तंबी दिली होती, "दाजीला कम्पूटरला हात लावू दिला तर दुकान ठिवणार न्हाई." म्हणजे जिथे मी खरं बोलत होतो ती एकुलती एक जागा बंद झाली. ती माझ्याच तोंडाने बंद झाली. "हाय एक," हे दोन शब्द मीच उच्चारले होते.

मी सुमनचं रडणं भिंतीपलीकडून ऐकायचो. एक वाक्य बोललो असतो तर ते थांबलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. आजारी माणसाला दोष देऊ नये असं डॉक्टर सांगतात. मान्य आहे. पण ती माझ्यामुळे रडत होती आणि मी ऐकत होतो, हेही खरं आहे.

सुमन भांडायला गेली

हा भाग मी पाहिलेला नाही. सुमन आणि रफिकभाई दोघांकडून वेगवेगळा ऐकला आणि जुळवून लिहिला आहे.

एके दुपारी सुमन चप्पल घालून निघाली आणि सरळ दुकानात गेली.

"रफिकभाई, लावा तिला."

"भाभी, जाने दो ना. गंदी चीज है ये नेट."

"लावा म्हणते ना. अन मी बोलते तसं लिवा. एक शब्द बदलायचा न्हाई."

रफिकभाईने पान उघडलं. सुमन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली आणि सांगू लागली, "लिवा, लाज वाटती का न्हाई गं तुला, बाईच्या जातीची असून दुसऱ्या बाईच्या संसारात तोंड घालायला? तुह्या घरी बाप भाऊ न्हाईत का?"

"भाभी, थोडा कम करके लिखू क्या?"

"कमी न्हाई. उलट अजून घाला."

त्यांनी लिहिलं. थोड्या वेळाने उत्तर आलं. रफिकभाई वाचून दाखवत होते. "तुम्ही कळमनुरीच्या दादांच्या घरून बोलताय का?"

"बायको हाय म्हणावं त्याची. लग्नाची."

"फार बरं झालं तुम्ही आलात. मी रोज वाट बघत होते. ते आहेत ना?"

सुमन म्हणते, त्या "आहेत ना" वर ती अडखळली. नवऱ्याशी भानगड असलेली बाई, दादा कशाला म्हणेल? आणि आहेत ना, असं का विचारेल?

"हायेत. काहून?"

"आत्ता घरी एकटे आहेत का?"

"व्हय."

पलीकडून उत्तर आलं, "ताई, त्यांनी मला काय सांगितलं ते मला सांगता येणार नाही, ते त्यांनीच तुम्हाला सांगायला हवं. पण माझ्यावर रागवायचं ते नंतर रागवा. आधी घरी जा आणि त्यांच्याजवळ बसा. त्यांना सरळ विचारा, जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तसा विचार मनात येत नाही. आलेला असतो तो बाहेर पडतो. आणि उत्तर हो आलं तर त्यांना एकटं ठेवू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या."

रफिकभाई म्हणतात, त्यांनी हे वाचलं आणि वर बघितलं तर खुर्ची रिकामी होती.

सुमन घरी पळत आली. उन्हाने तोंड लाल झालेलं, पदर खांद्यावरून घसरलेला. मी पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडलो होतो. तिने दार लावलं नाही, पाणी प्यायली नाही, पलंगाच्या कडेला बसली.

"मरायचं व्हतं का तुमाला?"

मी वळलो नाही.

"अवो, मी काय विचारून राहिले? त्या दिशी मरायला गेले व्हते का?"

"व्हय."

"मग बाई?"

"बाई न्हाई कुणी. ती... तशा माणसांशी बोलायलाच बसलेली हाय ती."

सुमनने माझ्या पाठीवर एक धपाटा घातला, चांगला लागेल असा, आणि तिथेच हात ठेवून रडायला लागली. "मला काहून न्हाई सांगितलं? मी काय खाणार व्हते का तुमाला?"



नांदेड

दुसऱ्या दिवशी ती मला नांदेडला घेऊन गेली. डॉक्टर वयाने माझ्याहून लहान होते. त्यांनी खूप वेळ ऐकून घेतलं. मी त्यांना टेलच्या गावापासून सगळं सांगितलं, माझ्यामुळे काय काय बिघडलं ते एकेक करून.

ते म्हणाले, "तुमच्या कालव्यातलं पाणी लोक चोरतात?"

"चोरतात."

"ते चोर पण तुम्हीच का?"

सुमन पदर तोंडाला लावून हसली. डॉक्टरांनी मग समजावलं, की या आजारात मन सगळे दोष स्वतःच्या नावावर लावत सुटतं. ताप आल्यावर अंग तापतं तसं यात मन स्वतःला गुन्हेगार ठरवतं. हा आजार आहे, बरा होतो, वेळ लागेल. बरा होतो, हे शब्द मी ऐकले. विश्वास बसला नाही, पण ऐकले.

त्यांनी काही दिवस भरती व्हायला सांगितलं. तिथला दिवस ठरलेला होता. सकाळी सिस्टर समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची आणि तोंड उघडून दाखवायला सांगायची. मग चहा, मग डॉक्टरांची फेरी, मग दुपारचा न संपणारा वेळ. पट्टा, नाडी असलं काही जवळ ठेवू देत नसत. चाळीशी ओलांडलेल्या माणसाने पायजमा हाताने धरून संडासला जायचं, याची लाज वाटायची. सुमन म्हणायची, "लाजा मग. लाजायला जित्तं असावं लागतं."

दवाखान्यातला कूलर पेशंटच्या माणसांनी भरायचा असा रिवाज होता. सुमन बादल्या ओढायची. एका दुपारी मी उठलो आणि तिच्या हातातून बादली घेतली. पाणी ओतताना थोडं सांडलं. तिथल्या मावशी कडाडल्या, "पाण्याच्या खात्यात हाय म्हणं, अन एक बादली सरळ ओतता येईना!" मला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलेलं हसू होतं. सुमनने ते बघितलं आणि दुसरी बादली आणून ठेवली. मोठा आनंद वगैरे नाही, अशा बारक्या गोष्टींनी मी परत आलो. एके दिवशी वरणाला चव लागली. एके दिवशी दाढी करावीशी वाटली. औषध पुढे दोन वर्षं चाललं. मध्ये एकदा मी स्वतःच्या मनाने बंद केलं, पुन्हा घसरलो, पुन्हा सुरू केलं. असं कुणी करू नका.

बाईच राहू द्या

सुटी मिळाल्यावर एसटीत बसलो तेव्हा मी सुमनला म्हणालो, "भास्करला आता खरं सांगून टाकू."

ती खिडकीबाहेर बघत होती. "न्हाई. बाईच राहू द्या."

"अगं, लोक तुला नावं ठिवतात."

"ठिवू द्या. बाईची भानगड लोक इसरतात. पण बाप नांदेडला डोक्याच्या डॉक्टरकडं व्हता म्हणल्यावर प्रज्ञाला कोण करून घेईल? पोरीचं व्हऊ द्या आधी."

मी मान्य केलं. मला सोयीचं होतं ना. भानगडवाला म्हणून माझं फारसं बिघडलं नाही. ऑफिसात तर एक-दोघांनी डोळे मिचकावले. जे सोसलं ते तिने सोसलं. विहारात वंदनेला गेली की बायका कुजबुजायच्या. छबूबाई तर ओट्यावरून हाक मारून विचारायच्या, "काय वो सुमनबाई, साहेबाचं नेट बंद झालं का चालूच हाय?" नवऱ्याला राखता न आलेली बायको, हा शिक्का तिने तीन वर्षं कपाळावर वागवला, आणि औषध होतं तोवर रोज संध्याकाळी माझी गोळी माझ्या हातावर ठेवली.

बरं वाटल्यावर मी एकदा रफिकभाईकडे जाऊन ते पान उघडलं. ताई नव्हती. दुसरंच कुणी होतं. मी लिहिलं की कळमनुरीचे दादा बरे आहेत, एवढा निरोप द्या. निरोप पोचला की नाही ते माहीत नाही.

बाजाराच्या दिवशी

प्रज्ञाचं लग्न गेल्या वर्षी झालं. जावई चांगला आहे. लग्नानंतर मी स्वतः त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पप्पा, तब्येतीला जपा," आणि विषय संपला. मग आम्ही इतके दिवस कशाला भ्यालो होतो, हा प्रश्न मला छळत राहिला.

काही महिन्यांपूर्वी आम्ही दोघं बाजारात वांगी घेत होतो. छबूबाई समोर आल्या. नेहमीप्रमाणे सुरू झाल्या, "आज जोडीनं? साहेबाला मोकळं सोडायची भीती वाटती वाटतं अजून."

सुमनने हातातलं वांगं टोपलीत टाकलं. "छबूबाई, बाई नव्हती कुणी. आजार व्हता त्यांना. मरायला निघाले व्हते. त्या बाईनं फोन करून वाचवलं. जिला तुमी तीन वर्षं शिव्या देऊन राहिल्या ना, तिच्यामुळं मही टिकली शाबूत हाय."

आजूबाजूच्या चार लोकांनी ऐकलं. धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं. पण छबूबाईंचं तोंड बघून मी ते विसरलो. त्या एकदम म्हाताऱ्या दिसायला लागल्या होत्या. भाजीची पिशवी तिथेच ठेवून त्या चालू लागल्या.

संध्याकाळी त्या घरी आल्या. ओट्यावर न बसता आत आल्या, दार लोटलं.

"महा भाऊ आखाडा बाळापूरला दोन वर्सामागं अटॅकनं गेला म्हणलं ना मी तुमाला? अटॅक न्हाई आला."

सुमनने त्यांचा हात धरला.

"लई दिवस गुमसुम व्हता. तुमच्यावानीच. जेवायचा न्हाई. मी म्हणलं करणी असंल, देवऋषी केला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ती बाई काय विचारायची तुमाला?"

मी सांगितलं.

"एवढंच?"

"एवढंच. आज जीव द्यावासा वाटतो का. अन मग ऐकून घ्यायची."

"एवढं तर मला बी विचारता आलं असतं." त्यांनी डोळे पुसले. "भाऊ, भिंतीला भिंत लागून घर हाय आपलं. तुमाला ठावं व्हतं. तवाच सांगायचं व्हतं ना."

डॉक्टर म्हणतात, मन नसलेले दोष अंगावर घेतं. हा तसला नव्हता. मी पोरीचं स्थळ जपत होतो, आणि भिंतीपलीकडे एक बहीण देवऋषी शोधत होती. मी मान खाली घातली आणि "चुकलं," म्हणालो. त्यांनी "असू द्या" म्हटलं नाही. म्हणायला नकोच होतं.

थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "मही भावजय हाय तिथं. लेकरं शाळेत गेली का दिवसभर भिताडाकडं बघत बसती. मला तिची लक्षणं बरी दिसून न्हाई राहिली. मला एकटीला विचारणं व्हणार न्हाई. तुमी चलता का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गेलो. भावजयीचं नाव मी लिहीत नाही. तिने पाणी आणून दिलं, खाली बघत. सुमनने मला डोळ्याने खुणावलं तसा मी अंगणात बाजेवर जाऊन बसलो. आतून आधी सुमनचा आवाज आला, इकडचं तिकडचं. मग छबूबाईंचा आवाज, आयुष्यभर ओट्यावरून ओरडणाऱ्या बाईचा, ओळखू न येईल इतका हळू, "बाई गं, तुला बी जीव द्यावा वाटतो का?"

त्यानंतर जे रडणं ऐकू आलं ते दोघींचं होतं.

मी बाजेवर बसून राहिलो. ऊन अंगणात उतरून माझ्या पायापर्यंत आलं. शेवटी छबूबाई दारात आल्या. डोळे सुजलेले, पदर कमरेला खोचलेला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "नांदेडची गाडी किती वाजता हाय?"